जांभ्याची भिंत, सिमेंटचा गिलावा आणि खारा वारा: दापोली किनाऱ्यावरच्या एका घराची दुरुस्ती

हर्णै ते केळशी या पट्ट्यातल्या एका गावात, भरतीरेषेपासून सव्वाशे मीटरच्या आत हे घर उभं आहे. तोंड पश्चिमेला. समोर पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. भिंती अठरा इंची, जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या. बारमाही राहतात त्या एकट्या काकू. दोन पुतणे, एक डोंबिवलीला, एक पुण्यात. गणपतीला आणि मे महिन्यात घर भरतं.

थोरल्या पुतण्याने मला बोलावलं ते पाडायला किती लागतील आणि नवीन बांधायला किती, एवढा आकडा काढून देण्यासाठी. २०२२ च्या पावसाळ्यात पडवीच्या स्लॅबचा मोठा तुकडा झोपाळ्यावर कोसळला होता. झोपाळ्यावर तेव्हा कुणी नव्हतं. "घराचं आयुष्य संपलं," असं दोन्ही भावांनी धरून चाललेलं होतं. किनाऱ्यावरच्या घरांच्या बाबतीत हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. मूळ घर धडधाकट असतं. आजारी असते ती मधल्या काळात झालेली डागडुजी. इथे तसंच निघालं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पाहणी

ओटीची बाहेरची भिंत लांबून ठाकठीक दिसत होती. क्रीम रंग, खाली तपकिरी ऑईलपेंटचा पट्टा. बोटाने ठोकलं की मात्र पोकळ आवाज. छिन्नीने गिलाव्याचा एक चौकोन सोडवला, तर तो अखंड हातात आला: इंचभर जाड, कडक, सिमेंटचा. त्याच्या पाठीला चिऱ्याचा लाल भुगा चिकटलेला होता आणि मागचा चिरा पाऊण इंच खाल्लेला. भुग्यात बारीक पांढरे चमकते कण होते. जिभेला लावले, खारट लागले. भिंतीला लोणा लागला होता, पण तो गिलाव्याआड लपून काम करत होता.

लोणा कुठवर चढलाय हे भिंतीभिंतीवर खडूने आखून घेतलं. तीन बाजूंना तो जमिनीपासून कमरेपर्यंत होता. पश्चिमेच्या भिंतीला मात्र थेट वळचणीपर्यंत. या एका रेषेवरून रोगाची दोन कारणं वेगळी करता आली. कमरेपर्यंतची ओल जमिनीतून चढत होती. वरचं मीठ वाऱ्यातून येत होतं. दोन्हींना औषध एक नाही.

मीठ भिंत कसं खातं हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय पटणार नाहीत. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि आर्द्रता त्याखाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळ्यात ते विरघळलेलंच राहतं. दिवाळीनंतर मात्र पहाटे दमट आणि दुपारी कोरडं, असा खेळ रोज सुरू होतो. स्फटिक बनताना ते दगडाच्या छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. जांभा मुळातच सच्छिद्र, त्यामुळे तो कणाकणाने सुटतो. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर पाणी त्यातून बाहेर पडतं, स्फटिक गिलाव्याच्या पृष्ठभागावर बनतात, पोपडे पडतात ते चुन्याचे, आणि चिरा शाबूत राहतो. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर ऑईलपेंट असेल तर पाणी बाहेर येऊ शकत नाही. मग स्फटिक बनतात ते गिलाव्याच्या मागे, चिऱ्यात.

काकूंना हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्यांनी पाहिलेलं होतं. "पूर्वी दर दिवाळीआधी आम्ही चुना मारायचो. पोपडे यायचे, खरवडून पुन्हा मारायचा. ऑईलपेंट झाल्यापासून पुसायला सोपं झालं हो, पण भिंत काही कधी सुकली नाही." एवढं नेमकं निदान मला अहवालात लिहिता आलं नसतं.

१९९० च्या सुमारास झालेलं नूतनीकरण

तेव्हा घरात पैसा आला आणि घर 'पक्कं' करायचं ठरलं. चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला. पडवीवरची कौलं उतरवून स्लॅब टाकला, आणि तो टाकताना पुढे आलेली वळचण कापली. नंतरच्या काळात शेणाची जमीन जाऊन चकचकीत फरशा आल्या आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, पेव्हर ब्लॉक बसले. त्यांच्या खाली भर घातल्यामुळे खळं जोत्याच्या पहिल्या चिऱ्याएवढं उंच झालं.

यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. पण शेणाच्या जमिनीतून ओल घरभर सावकाश वर येऊन हवेत जात असे. फरशीने ती वाट बंद केली, बाहेर पेव्हरने तेच केलं. जमिनीतल्या पाण्याला वर यायला एकच जागा उरली, ती म्हणजे भिंत. कमरेपर्यंतची रेषा तिथून आली.

पडवीच्या स्लॅबचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. पडलेला तुकडा मी उजेडात फिरवून पाहिला. त्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे सरळ दिसत होते. किनाऱ्यावरची वाळू भरून आणून स्लॅब ओतलेला होता; म्हणजे सळईच्या अंगाला पहिल्या दिवसापासून मीठ. सळईखालचं काँक्रीटचं आवरण जेमतेम १० ते १२ मिलीमीटर. ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन शिंपडलं तर सळईच्या आसपास तो गर्द गुलाबी झाला. काँक्रीट तिथे अजून अल्कधर्मी आहे, असा त्याचा अर्थ. एरवी ही अल्कताच सळईचं रक्षण करते. तरीही सळई पापुद्र्यांनी सुटत होती, कारण मिठातलं क्लोराइड ते रक्षक कवच अल्क वातावरणातही फोडतं. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे खालचं काँक्रीट ढकलून पाडतो.

लोकांना नवल वाटतं की स्लॅबची वरची बाजू बरी आणि खालची, सावलीतली, आधी का सडते. वरचं मीठ दर पावसात धुऊन जातं. खाली पाऊस पोचत नाही, वाऱ्याबरोबर आलेलं मीठ साठतच राहतं. समुद्राकाठी आडोशाची जागा लोखंडाला अधिक धोक्याची. वळचणीखालच्या खिळ्यांपासून खिडकीच्या गजांपर्यंत सगळीकडे हे दिसतं.

वाडी गेली तेव्हा

एक प्रश्न उरला होता. १९९० पासून ही सगळी चूक घरात होती, मग पश्चिमेची भिंत वरपर्यंत गेल्या दोन-तीन वर्षांतच का खंगली? उत्तर घराच्या बाहेर होतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगड तालुक्यांनाही त्याने झोडपलं. या घराची कौलं उडाली, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. पण त्याच दिवशी घर आणि समुद्र यांच्यामधली माड-पोफळींची वाडी आडवी झाली, आणि तिचा हिशेब फक्त बुडालेल्या सुपारीत केला गेला. ती वाडी वाऱ्यातले खारे तुषार गाळत होती. तिच्यामागे घर होतं तोवर पश्चिमेच्या भिंतीवर येणारं मीठ थोडं होतं. वाडी गेल्यावर तीच भिंत थेट समुद्रासमोर उघडी पडली. किनाऱ्यावरच्या घराची पहिली भिंत ही झाडांची असते, असं माझं ठाम मत या कामात झालं. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात लागवडीचं कलम मी तेव्हापासून न चुकता घालतो.

पाडावं की राखावं

भावांपुढे तीन पर्याय ठेवले. पाडून आरसीसी बंगला. भिंती ठेवून वर स्लॅब आणि त्यावर पर्यटकांसाठी खोली. किंवा आहे ते घर नीट दुरुस्त करणं. धाकट्याला खोली हवी होती. त्यात गैर काही नाही, गावातली निम्मी घरं आज पर्यटकांवर चालतात.

कायद्याने मधला पर्याय लगेच बाद केला. घर किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) तिसऱ्या वर्गात येतं. २०११ ची अधिसूचना धरा किंवा १८ जानेवारी २०१९ ची, आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्रच आहे. (२०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटरची सवलत आहे, पण ती दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागासाठी.) या पट्ट्यात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र, चटई निर्देशांक (भूखंडाच्या मानाने एकूण बांधकामाचं प्रमाण) आणि घनता आहे त्यापुढे न जाता. वरची खोली म्हणजे वाढीव चटई क्षेत्र. तो विषय तिथेच संपला. आहे त्या ओटीवर आणि माजघरात पाहुणे ठेवायला अडचण नव्हती, धाकट्याने ते मान्य केलं.

घर जुनं आणि अधिकृत आहे हे कागदावर दाखवावं लागतं. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा जुना उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या काकूंनी ट्रंकेतून काढून दिल्या. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, त्याच्या आधीपासून स्लॅबच्या पडवीसकट हे क्षेत्र नोंदलेलं होतं. ज्यांचं घर किनाऱ्यावर आहे त्यांनी गवंड्याला बोलावण्याआधी हे कागद शोधावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पहिला पर्याय कायद्यात बसत होता, तरी मी त्याच्या विरोधात होतो. अठरा इंची जांभ्याच्या भिंती आतून भक्कम होत्या. खराब झाला होता तो बाहेरचा पाऊण इंच. आरसीसी बंगला बांधायचा तर आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राच्या तुषारांत येणाऱ्या काँक्रीटला किमान एम-३५ ताकदीचा दर्जा, ५० मिलीमीटर आवरण आणि जास्तीत जास्त ०.४५ पाणी-सिमेंट प्रमाण लागतं. गावात डोक्यावर घमेली वाहून, अंदाजाने पाणी ओतून हे साधत नाही. जे साधणार नाही ते बांधायचं आणि तीस वर्षांनी पुन्हा झोपाळ्यावर पडताना बघायचं, याला मी तयार नव्हतो. थोरल्याने हिशेब मागितला, तो दिला. राखण्याचा खर्च बंगल्याच्या निम्म्याहूनही कमी येत होता, पण काम एका हंगामात संपणार नाही, हेही तेव्हाच सांगितलं. ते सांगणं महत्त्वाचं होतं. बहुतेक कामं बिघडतात ती गणपतीच्या आत रंग हवा या घाईने.

काम

पावसाळा सरल्यावर आधी स्लॅब उतरवला. पुतण्यांचा प्रश्न रास्त होता: पडलेला भाग पाडून पॅच मारला तर? जिथे सगळ्या काँक्रीटमध्ये मीठ आहे तिथे पॅच टिकतो आणि पॅचच्या कडेची सळई पूर्वीपेक्षा वेगाने गंजते. नवं आणि जुनं काँक्रीट यांच्यात सळईच्या अंगाने विद्युत-रासायनिक घट तयार होतो. इतके दिवस जो भाग गंजून शेजारच्याला वाचवत होता तो आता वाचतो आणि शेजारी गंजू लागतो. दर दोन वर्षांनी नवा पॅच मारत राहायचं. तो रस्ता सोडला.

पडवीवर पुन्हा लाकडी छप्पर आणि मंगलोरी कौलं आली. वादळानंतर मुख्य घरावर रंगीत पत्रे घातले होते, ते स्क्रूच्या भोकांपाशी आणि कापलेल्या कडांना गंजू लागले होते, तेही काढले. वासे सागाचे आणि किंजळाचे, आढं जुनंच ठेवलं. वाऱ्याने छप्पर उचललं जातं ते वळचणीपासून, म्हणून कडेच्या तीन ओळींतली प्रत्येक कौल तांब्याच्या तारेने रिपेला बांधली, आणि वासे भिंतीतल्या तुळयांना ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पट्ट्यांनी जखडले. ३०४ दर्जाचं स्टील दुकानात सहज मिळतं आणि दिसायला तसंच असतं, पण समुद्राकाठी त्याला थोड्याच दिवसांत तपकिरी डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्या. वळचण पूर्वीसारखी तीन फूट बाहेर काढली. पावसाची झड भिंतीवर येऊ न देणं हे कुठल्याही वॉटरप्रूफिंग रसायनापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहे.

खळ्यातले पेव्हर काढून भर उपसली, जोतं पुन्हा मोकळं केलं. भिंतीलगत दीड फूट रुंद चर खणून त्यात खडी भरली आणि तिचा उतार वाडीकडे दिला. ओटीवरच्या फरशा गेल्या. काकूंनी तिथे सारवण पुन्हा करायचं ठरवलं. माजघरात त्यांना फरशी हवीच होती. तिथे मी हट्ट धरला नाही, फक्त भिंतीलगत एक चिऱ्याएवढी पट्टी मोकळी ठेवून घेतली.

आता भिंती. सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढताना चिऱ्याचा आणखी भाग सोबत येतो, त्यामुळे हे काम यंत्राने करू दिलं नाही. उघडी झालेली भिंत लगेच धुवायची मिस्त्रींना सवय असते. ती मोडायला लागली: पाणी मारलं की पृष्ठभागावर आलेलं मीठ विरघळून पुन्हा आत जातं. कोरड्या ब्रशने झाडायचं, खाली पडलेला भुगा गोळा करून लांब टाकायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा झाडायचं. भुगा तिथेच जोत्याशी ठेवला तर पहिल्या पावसात तो परत भिंतीत जातो. बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट मी रोज तपासायचो.

हिवाळ्यात पातळ चुन्याचा एक थर मुद्दाम तात्पुरता म्हणून दिला. तो पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा भिंतीतलं मीठ स्वतःकडे ओढत राहिला आणि पुढच्या डिसेंबरात खरवडून काढला. तेव्हा तो जागोजाग फुगलेला, पांढरट झालेला होता. धाकट्याने पाहून काळजीने विचारलं, "एवढं करून पुन्हा तेच?" फुगलेला थर म्हणजे तेवढं मीठ भिंतीबाहेर आलं, हे त्याला प्रत्यक्ष दाखवलं, खरवडल्यावर खालचा चिरा कडक लागत होता.

कायमच्या गिलाव्याला चुनकळी (भाजलेला कोरडा चुना) हौदात भिजवून मुरू दिली. एक भाग चुना, तीन भाग वाळू-सुरखी (विटांचा भुगा). चुन्यात हात घातलेला एक वयस्कर गवंडी शेजारच्या गावात मिळाला आणि त्याच्यासोबत दोन तरुण पोरं शिकली, याचा मला या कामातला सगळ्यात जास्त आनंद आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्याचा काळ. ओलं गोणपाट बांधून ऊन टाळायचं, दोन थरांत पुरेसं अंतर ठेवायचं. वर रंग म्हणून चुनाच.

वाळूची सर्वांत जास्त झटापट झाली. नदीची म्हणून आलेला पहिला ट्रक खाडीच्या रेतीचा निघाला. गोड्या पाण्यात ढवळून ते पाणी तपासलं, क्लोराइड स्पष्ट होतं. ट्रक परत पाठवला आणि शेवटी दगड फोडून केलेली क्रश सँड घेतली. पाण्याचंही तसंच. अंगणातली विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. आय.एस. ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटला लागणाऱ्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तपासणीत मे महिन्यातलं पाणी त्याच्या वर गेलं. म्हणून न्हाणीवरचा छोटासा स्लॅब, या घरातलं एकमेव नवं काँक्रीट, जानेवारीत वरच्या वाडीतून टँकरने पाणी आणून ओतला. मिश्रण एम-३५, सिमेंट स्लॅगचं, कारण ते क्लोराइडला आत शिरू देण्यात जास्त अडथळा करतं, आणि ५० मिलीमीटरचे काँक्रीटचे ठोकळे सळईखाली मी स्वतः मोजून ठेवले.

विजेचं काम थोडक्यात: नळ्या पीव्हीसीच्या, मुख्य पेटी पूर्वेच्या आतल्या भिंतीवर, एसीचं बाहेरचं यंत्र समुद्राच्या विरुद्ध बाजूला.

वाडीत पहिल्या रांगेला सुरू आणि उंडी, मागे भेंड, त्यामागे नवे माड-पोफळी लावले. पोफळीला पुढच्या आडोशाशिवाय खारा वारा सोसत नाही, म्हणून हा क्रम.

सध्याची स्थिती

त्यानंतरच्या पावसाळ्यात ओटी आणि माजघर कोरडे राहिले. दक्षिणेच्या भिंतीवरची ओलीची रेषा कमरेवरून घोट्यापर्यंत उतरली आहे. पश्चिमेच्या भिंतीवर वरच्या बाजूला चुन्याचे पोपडे येतात, ते झाडं उंच होईपर्यंत येत राहतील. काकू दिवाळीआधी खरवडून चुना मारून घेतात, चुन्याचं काम शिकलेली ती पोरं जवळचीच आहेत. पावसाळ्याआधी पश्चिमेला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची रीत त्यांनी पुन्हा सुरू केली आहे.

उत्तरेची भिंत अजून सुकलेली नाही. तिकडे ऊन कमी, आणि न्हाणीचं जुनं सांडपाणी बरीच वर्षं जोत्यात मुरत होतं. ते पाइपने लांब सोडलं आहे. तिच्यावर तात्पुरता थर दुसऱ्यांदा दिला आहे. धाकट्याला तिथल्या खोलीत या मे महिन्यापासून पाहुणे ठेवायचे होते. पुढच्या हिवाळ्यात थर खरवडून चिरा ठोकून बघितल्याशिवाय कायमचा गिलावा करायचा नाही, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं आहे, आणि तोवर ती खोली बंद ठेवायला तो तयार झाला आहे.